पेंढ्याच्या रंगाचा पतंग

या जगात माझं नाव लावणारा एकच जीव आहे. तो अडीच सेंटिमीटरचा आहे, टाचणीवर आहे आणि एकोणीस वर्षांपूर्वीच मेलेला आहे.

वाळवंटातला एक बारका पतंग. रात्री दिव्यावर धडका देतात ना, फुलपाखरांचे गरीब नातेवाईक, त्यांतला एक. त्याच्या शास्त्रीय नावाच्या शेवटी माझं नाव आहे, लॅटिन शेपूट लावलेलं. मी लग्न केलं नाही, पोरंबाळं नाहीत, घराच्या दारावर पाटी लावू लावू म्हणता तीही राहून गेली. म्हणजे मी गेल्यावर माझं नाव कुठं उरणार असेल तर संग्रहालयाच्या कीटक विभागात, एकोणचाळिसाव्या कपाटात, सातव्या खणात. हसायचं तर हसा. मला तेवढं पुरत होतं.

मी त्या विभागात पतंग पसरवते. बाहेरगावाहून किडे येतात ते कागदाच्या त्रिकोणी पुड्यांतून, वाळून कोळ झालेले. तसेच उघडायला गेलात तर पंख तुटून हातात येतात. म्हणून पुडी आधी ओल्या डब्यात ठेवायची. पत्र्याचा डबा, तळाला ओली वाळू, वर टिपकागद, बुरशी धरू नये म्हणून औषधाचे दोन थेंब आणि घट्ट झाकण. एक दिवस ठेवायचं, फार तर दीड. सांधे सैल पडले की पतंग फळीवर घ्यायचा, छातीतून टाचणी घालायची, सुईच्या टोकानं पंख पुढं ओढायचे आणि कागदाच्या पट्ट्यांखाली आठवडाभर वाळू द्यायचे. चौतीस वर्षं हेच केलं. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण माझ्या हाताचं माणूस काही मिळेना, म्हणून आठवड्यातून तीन दिवस बोलावतात. उरलेले चार दिवस कसे जातात ते विचारू नका. पाठीमागं सगळे मला टाचणीबाई म्हणतात. म्हणोत बापडे, तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही.

ओल्या डब्याचा एक नियम आहे, तो पहिल्याच दिवशी शिकवतात. हिरवा पतंग डब्यात घालायचा नाही. हिरव्याला ओल सोसत नाही. रंग उडतो आणि खाली उरतो तो पिवळट, सुक्या पेंढ्यासारखा. हिरवा आला की कोरडाच पसरायचा, जीव मुठीत धरून, तुटला तर तुटला. हा नियम मी स्वतः निदान वीस जणांना शिकवला असेल, आणि दोघांना तो न पाळल्याबद्दल रडवलंही आहे.

गेल्या महिन्यात एक संशोधक मुलगी आली. मुलगी म्हणजे पस्तिशीची, पण आता मला सगळ्याच मुली. वाळवंटातले सगळे पतंग नव्यानं ओळखून यादी लावायचं काम तिच्याकडं होतं. खण उघडायच्या आधी हात धुवायची, उघडताना श्वास धरायची. अशी माणसं मला आवडतात. तिसऱ्या दिवशी तिनं मला हाक मारली.

"मॅडम, जरा येता का इकडं?"

भिंगाखाली दोन पतंग शेजारी शेजारी लावले होते. एक माझा. दुसरा डोंगराकडचा हिरवा, शंभर-दीडशे वर्षांपासून सगळ्यांना माहीत असलेला.

"पुढच्या पंखावरची ही पांढरी रेघ बघा. वळणं मोजा."

"पाच," मी म्हटलं.

"आणि तुमच्यात?"

"पाच."

"मधला काळा ठिपका रेघेच्या आत, दोन्हींत. कडेची झालर एक घर काळं, एक घर पांढरं, दोन्हींत. कपाळ विटकरी, दोन्हींत. मिशा कंगव्यासारख्या..."

"दोन्हींत. कळलं गं. मग?"

"मग फरक काय उरला? रंग. फक्त रंग."

"वाळवंटातला आहे तो. वाळूत राहायचं तर वाळूचाच रंग घेणार ना? डॉक्टरांनी लिहिलंय तसं."

डॉक्टर म्हणजे तेव्हाचे आमचे विभागप्रमुख. कानानं अर्धे आणि हट्टानं पूर्ण. मी पसरलेले ते तीन पिवळट पतंग बघून त्यांनी टेबलावर मूठ आपटली होती, "नवी जात आहे ही, नवी!" म्हणून. आणि नाव द्यायची वेळ आली तेव्हा माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "इतक्या वर्षांत हिच्या हातून एक पंख तुटला नाही. हिचंच नाव देऊ." त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

"लिहिलंय त्यांनी," ती मुलगी म्हणाली. "पण मॅडम, हे ओले कसे केले होते?"

"नेहमीसारखे, डब्यात." एवढं खरं होतं.

"पुडीवर रंग लिहिलेला होता का?"

"आता एवढं कुणाला आठवतंय," मी म्हटलं, आणि हे धादांत खोटं होतं. पुडीवर काय लिहिलं होतं ते मला अक्षर न् अक्षर आठवत होतं. 'दिव्यावर सापडले. रंग हिरवा.' चारही पुड्यांवर तेच, माझ्या भावाच्या हातचं.

तर भावाचं सांगायला हवं. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई-वडील लवकर गेले, त्याला मी वाढवला. अभ्यासात हुशार, पण जन्माचा रंगांधळा. हिरवं, तपकिरी, पिवळट, त्याला सगळं सारखंच. लहानपणी पिकलेलं म्हणून कच्चं फळ तोडायचा आणि तोंड वेडंवाकडं करत खायचा. हसून हसून माझ्या पोटात दुखायचं. पुढं त्याला नोकरी लागली ती वाळवंटात, पाण्याच्या मोठ्या वाहिनीवरच्या पंपाच्या ठाण्यावर. सगळ्यांत जवळचं गाव दोन तासांवर. करमेना म्हणून मीच त्याला म्हटलं, दिव्यावर किडे येत असतील ते पाठव. शिकवलं सगळं, पुडी कशी घालायची, तारीख कुठं लिहायची. मोत्यासारखं अक्षर त्याचं, माल उत्तम. फक्त रंगाच्या जागी काय लिहील त्याचा नेम नसायचा. सुरुवातीला तर बहुतेक वेळा चुकायचाच.

म्हणून त्या चार पुड्या आल्या आणि त्यांवर 'हिरवा' दिसलं तेव्हा मी मोठ्यानं हसले. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर हिरवा वाचून हात आखडता घेतला असता. मी नाही घेतला. म्हटलं, याचा हिरवा म्हणजे कपाळ माझं! उघडूनसुद्धा न बघता तीन पुड्या डब्यात टाकल्या, दीड दिवसानं काढल्या. पतंग पेंढ्याच्या रंगाचे निघाले आणि मला वाटलं, बघा, म्हटलं नव्हतं?

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माझी जीभ. त्याला पत्र लिहिलं. 'तुझा हिरवा इथं पिवळा निघाला, सगळा विभाग हसला. पण किडा नवा आहे, आणि त्याला माझं नाव लागतंय. इथून पुढं तू पकडायचं काम कर, रंग माझ्यावर सोड.' त्यानंतर त्याच्याकडून एकही पुडी आली नाही. मला वाटलं कंटाळला असेल. वर्षातून एकदा माझ्या वाढदिवसाला फोन यायचा. तब्येत बरी ना, बरी, तुझी, बरी, ठेवतो. दोन वर्षांपासून तोही बंद झाला होता. मोठी मी. मी का म्हणून करू?

त्या दिवशी घरी गेले आणि भात लावायचाही विसरले. एका माणसाचा भात, विसरला काय नि लावला काय. खिडकीशी बसून विचार करत राहिले. ती मुलगी संशय घेऊ शकत होती, पण संशयावर कुणाचं नाव पुसता येत नाही. पुडीवर काय लिहिलं होतं ते फक्त मला माहीत. जुन्या पुड्या केव्हाच कचऱ्यात गेल्या. फक्त एक सोडून. चौथी पुडी मी कधी उघडलीच नव्हती. जादाच्या मालात टाकलेली होती, खिडकीखालच्या पत्र्याच्या पेटीत, आणि ती तिथं आहे हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझा वार नव्हता. तरी गेले.

"टाच..." दारावरचा पहारेकरी म्हणाला आणि जीभ चावली. "मॅडम, आज कशा काय?"

"टाच दुखतेय का तुझी? मग बसून घे," असं म्हणून मी आत गेले. एरवी दिवसभर मनातल्या मनात हसले असते.

पेटी काढली. पुडी मिळाली. कागदाची एक घडी सोडली, दुसरी सोडली.

हिरवा होता.

थोडा फिका झालेला, पण हिरवा. कोवळ्या शेंगेसारखा. पाच वळणांची पांढरी रेघ त्यावर इतकी स्वच्छ उमटली होती की डोंगराकडचाच पतंग कुणी आणून ठेवलाय असं वाटावं. माझी जात म्हणून काही नव्हतंच. मीच एकोणीस वर्षांपूर्वी तो रंग धुऊन काढला होता आणि त्याच्या जागी माझं नाव बसवलं होतं.

आता मी पुढं काय केलं ते सांगते, आणि सांगायची लाज वाटते. उठले, ओला डबा घेतला, टिपकागद भिजवला आणि तो पतंग उघडाच आत ठेवून झाकण लावलं. उद्यापर्यंत तोही पिवळा झाला असता. मग कुणी कितीही वळणं मोजली असती तरी माझं काय बिघडणार होतं? माझ्या नावावर दुसरं आहे तरी काय? भाड्याची एक खोली आणि निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ, तेही मागं पडतं.

डब्यासमोर स्टूल ओढून बसले. बाहेर जिन्यावर कुणाकुणाची पावलं यायची, जायची, आणि प्रत्येक पावलाला मी डबा पदराआड घ्यायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. दहा मिनिटं झाली असतील, पंधरा असतील. आणि मला एकदम त्याचं ते अक्षर दिसायला लागलं. 'रंग हिरवा.' वाळवंटात बसून, ज्याला हिरवं दिसत नाही अशा माणसानं, नीट, न खोडता लिहिलेलं. त्याचं बरोबर होतं, आणि मी त्याचं सगळ्या विभागात हसं केलं, वर पत्रानं कळवलंही. मला इतकी लाज वाटली की मी डबा जवळजवळ हिसकून उघडला.

झाकणाखाली साठलेला थेंब पडला. उजव्या पंखाच्या टोकावरच पडला. मी टिपकागदानं तो टिपेपर्यंत तेवढी जागा पिवळट झाली, उरलेला पंख हिरवाच राहिला. मी पतंग तसाच तळहातावर घेतला आणि त्या मुलीच्या टेबलाशी गेले.

"हे घे. पुडीवर 'हिरवा' लिहिलेलं होतं. मला आठवत होतं. मी तुझ्याशी खोटं बोलले."

तिनं पतंगाकडं बघितलं, त्या पिवळ्या टोकाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी सगळं सांगितलं, डबा, पत्र, आताची ही पंधरा मिनिटंही. ती शेवटी म्हणाली, "मॅडम, हे छापलं की तुमचं नाव जाईल. जुन्या हिरव्याचंच नाव राहील."

"ठाऊक आहे मला. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून हे नियम ऐकतेय मी."

"तुम्ही नसतं सांगितलं तर..."

"नसतं सांगितलं तर तू बुचकळ्यात पडली असतीस आणि मी मूग गिळून बसले असते. आता सांगितलंय ना? लिही." मग वळता वळता म्हटलं, "एक कर. रंग पहिल्यांदा बरोबर ओळखला तो माझ्या भावानं, एवढं त्यात घाल. रंगांधळा आहे म्हणून आम्ही त्याचं ऐकलं नाही, तेही घाल हवं तर."

"घालते," ती म्हणाली. "त्यांना विचारून घ्या एकदा."

खिडकीपाशी जाऊन मी फोन लावला. मोठी असून मीच लावला. पाच वेळा वाजला, मला वाटलं उचलत नाही.

"हॅलो. ताई?" आवाज म्हातारा झाला होता.

"हो, मीच. ऐक. तो पतंग हिरवा होता."

"कुठला पतंग?"

"तू पाठवलेला. चार पुड्या. एकोणीस वर्षांपूर्वी. तू हिरवा लिहिलं होतंस आणि मी तुला हसले होते. हिरवाच होता रे. मीच डब्यात घालून त्याचा रंग घालवला. तुझं बरोबर होतं."

फोन कापला गेला की काय म्हणून मी दोनदा हॅलो हॅलो केलं.

"माझं कसलं बरोबर?" तो म्हणाला. "मला काय डोंबल दिसतंय? तिनं सांगितलं होतं."

"कुणी?"

"हिनं. माझ्या बायकोनं. लग्न झाल्यापासून सगळे रंग तीच सांगायची, मी लिहायचो. संध्याकाळी पकडून ठेवायचो, सकाळी ती एकेक उजेडात धरून बघायची. मजा वाटायची तिला. 'आपण सांगितलेलं ताईंच्या संग्रहालयात लागतं,' म्हणायची."

मी खिडकीच्या गजाला धरलं. लग्न त्यानं मला न विचारता केलं होतं, तिथंच, ठाण्यावरच्या कुणाच्या तरी नात्यातल्या मुलीशी. लग्नाचं त्याचं पत्र आलं होतं. दोन ओळी वाचून मी ते फाडलं होतं. त्यानंतर मी फक्त किड्यांबद्दल लिहिलं.

"मग तुझं पत्र आलं," तो म्हणाला, "पिवळा निघाला म्हणून. तिनं उरलेला एक होता तो काढला. दारात नेऊन बघितला, खिडकीत बघितला, दुसऱ्या दिवशी परत बघितला. मग म्हणाली, ताईंचे डोळे शिकलेले आहेत, मलाच दिसत नसेल नीट. त्यानंतर रंग सांगायला तयारच होईना. साडीचा रंग विचारला तरी म्हणायची, मला नका विचारू."

"दे तिला फोन," मी म्हटलं. "दे आधी. मी बोलते तिच्याशी."

"ताई, ती गेली. दोन वर्षं झाली."

"मला कळवलं का नाहीस?" एवढंच आलं तोंडातून, आणि तेही जरा रागानंच आलं, सवयीनं.

"काय कळवणार? तुझी ओळख कुठं होती तिच्याशी." तो हे रागानं म्हणाला नाही, तेच वाईट. "तुझ्या वाढदिवसाची आठवण तीच करून द्यायची. फोन लावून हातात द्यायची. माझ्या नाही लक्षात राहत."

मागं ती मुलगी टेबलाशी पेन घेऊन थांबली होती. मी तिच्याकडं पाठ केली. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही सुचत नव्हतं.

"नक्की हिरवा होता ना ताई?" त्यानं विचारलं.

"नक्की. आता इथंच टेबलावर आहे."

"हं," तो म्हणाला. दोघांच्याही घरी दुसरं कुणी नव्हतं, फोन ठेवायची घाई कुणालाच नव्हती.

"ऐक," मी म्हटलं, "इथं कागदावर लिहायचंय. रंग पहिल्यांदा कुणी ओळखला ते. ते छापून येणार आहे, आणि ते तिचंच नाव यायला हवं." मग विचारलं, "तिचं नाव सांग."

त्याला कळायला एक क्षण लागला, आणि कळलं ते मला पलीकडून ऐकू आलं.

"तुला माहीत नाही?"

"नाही."

त्यानं सांगितलं. मी त्याला ते परत म्हणायला लावलं, मग पेन मागून घेतलं आणि माझ्या हातानं लिहिलं.